पुडीनं इतकं बरं वाटलं, तेच काळजीचं

पत्राचा गोषवारा: वय ४६, तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षिका. सहा वर्षांपूर्वी थायरॉइड कमी असल्याचं निदान झालं, तेव्हापासून रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी. गेलं वर्षभर सकाळी बोटं आखडतात, सोऱ्या पिळता येत नाही, फळ्यावर लिहिताना खांदे भरून येतात, जिना चढताना मांड्या उचलत नाहीत, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) ९.८ आला म्हणून गोळी १०० ची झाली. कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं म्हणून त्याचीही गोळी सुरू झाली. शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी 'एएनए' (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलीये का, याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासला, तो १:८० पॉझिटिव्ह निघाला आणि वाताची शंका आली. आईला आमवात होता, तिची बोटं वाकडी झाली होती. यजमानांचं मत, पाळी जायची वेळ आली, त्याचंच आहे सगळं. दरम्यान जाऊबाईंनी एका गावाहून 'आयुर्वेदिक' पुड्या आणून दिल्या. दोन दिवसांत दुखणं पळालं, तीन महिने पुड्या चालू आहेत. भूक वाढलीये, चेहरा भरलाय, मैत्रिणी म्हणतात तब्येत सुधारली. आता त्यांना थायरॉइडची गोळी कायमची सोडायची आहे, कारण हार्मोनच्या गोळ्या आयुष्यभर खाणं त्यांना बरं वाटत नाही. त्यांनी विचारलंय: दुखणं थायरॉइडचं की वाताचं? पुडी चालू ठेवू का? आणि सतरा वर्षांच्या मुलीलाही हे होईल का?

ताई,

तुम्ही विचारलेल्या क्रमानं उत्तरं देत नाही. पुडीपासून सुरुवात करते. बाकीचे प्रश्न महिनाभर थांबले तरी चालतील, पुडीचा थांबणार नाही.

वर्षभराचं दुखणं दोन दिवसांत गेलं, असं तुम्ही लिहिलंय. बोटं, खांदे, मांड्या, सगळं एकदम. एखादं औषध इतक्या झटपट इतक्या ठिकाणचं दुखणं घालवत असेल, तर कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येतं ते स्टेरॉइडचं. त्यात वाढलेली भूक आणि भरलेला चेहरा. मैत्रिणींना ती सुधारलेली तब्येत वाटते, मला वाचताना धस्स झालं. पुडी तपासल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही, हे खरं. पण सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये प्रेडनिसोलोन नाहीतर डेक्सामिथॅसोन कुटून घातलेलं सापडणं आपल्याकडे काही नवलाचं राहिलेलं नाही. तेव्हा 'नाही' असं सिद्ध होईपर्यंत 'आहे' असंच धरून चालायचं. डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक, क्वचित शिसं किंवा पाराही असू शकतो. आयुर्वेदाला यात ओढायचं कारण नाही. शिकलेला वैद्य औषधाचं नाव कागदावर लिहून देतो, मात्रा सांगतो. कागदाच्या चौकोनात घडी घातलेली, नाव नसलेली पूड हा वेगळाच धंदा आहे.

तुम्हाला थायरॉइडच्या गोळीची भीती वाटते ती ती हार्मोन आहे म्हणून. पुडीची वाटत नाही, कारण ती 'नैसर्गिक' आहे. पण स्टेरॉइड हेसुद्धा हार्मोनच. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज पहाटे कॉर्टिसॉल तयार करतात, त्याचीच ही कारखान्यात बनलेली, जास्त ताकदीची भावंडं. थायरॉइडची गोळी तुमच्या शरीरात जेवढं कमी पडतंय तेवढं भरून काढते, आणि किती द्यायचं ते रक्त तपासून ठरतं. पुडीतलं हार्मोन शरीरात कमी नव्हतंच. ते वर टाकलं जातंय, आणि किती, हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही.

सांधे आणि हार्मोन यांचं नातं जगाला कळलं तेही अशाच एका चमत्कारासारख्या प्रसंगातून. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉ. फिलिप हेंच यांनी १९२९ मध्ये पाहिलं, की आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. पुढे गरोदर बायकांमध्येही तेच दिसलं: दिवस गेले की आमवात शांत, बाळंतपणानंतर पुन्हा उसळी. शरीरातच असं काहीतरी तयार होत असणार जे सांध्यांची सूज दाबतं, असा त्यांनी तर्क बांधला आणि त्याचा माग कित्येक वर्षं सोडला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला, सहकारी एडवर्ड केंडल यांनी वेगळं काढलेलं अधिवृक्क ग्रंथीतलं हार्मोन टोचलं. काही दिवसांत ती चालायला लागली. ते कॉर्टिसोन. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइकस्टाइन यांना मिळालं. आणि मग थोड्याच वर्षांत दुसरी बाजू दिसली: गोल चेहरे, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर, पातळ होऊन फुटणारी त्वचा, आणि ज्या मांड्यांसाठी औषध घेतलं त्याच मांड्यांची झीज. कारण स्टेरॉइड जास्त दिवस घेतलं की नितंबांचे आणि मांड्यांचे स्नायू अशक्त होतात. म्हणजे तुमचा जिना पुडीमुळे आधी सोपा होईल, आणि काही महिन्यांनी पुडीमुळेच पुन्हा अवघड होईल.

हे सगळं वाचून तुम्ही आज रात्रीच उरलेल्या पुड्या मोरीत ओताल अशी मला भीती आहे. कृपा करून तसं करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळायला लागलं की आपल्या अधिवृक्क ग्रंथी काम थांबवतात. तीन महिने थांबलेली ग्रंथी एका रात्रीत जागी होत नाही. पुडी अचानक बंद झाली तर कमालीचा थकवा, मळमळ, उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणं, अंग मोडून येणं असं होऊ शकतं, आणि वेळेवर ओळखलं नाही तर ते जिवावर बेततं. त्यात तुमच्या थायरॉइडच्या गोळीची मात्रा वाढवलेली. ही गोळी शरीरातलं कॉर्टिसॉल लवकर संपवते. एका बाजूनं पुडी तुटणार आणि दुसऱ्या बाजूनं थायरॉइडची मात्रा चढणार, हे दोन्ही एकाच आठवड्यात नको.

म्हणून दोन-तीन दिवसांत एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा. हाडांच्या डॉक्टरांकडे नव्हे, फिजिशियनकडे. पुडी सोबत न्या, लपवू नका. ते रक्तदाब, साखर, सोडियम-पोटॅशियम बघतील, कदाचित सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल काढायला सांगतील. त्या दिवशीची पुडी रक्त देण्याआधी घ्यायची की नंतर, हे त्यांनाच विचारा. मग बहुधा पुडीच्या जागी मोजून-मापून स्टेरॉइडची गोळी देतील आणि ती आठवड्या-आठवड्यानं कमी करत नेतील. या काळात ताप आला, उलट्या झाल्या, दात काढायचा झाला किंवा ऑपरेशन ठरलं, तर 'तीन महिने स्टेरॉइड असलेली पुडी खात होते' हे समोरच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं. उलट्या थांबत नाहीत, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते असं झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. मात्रा कमी होताना दुखणं थोडं परत येईल, त्यानं घाबरून जाऊबाईंना फोन करू नका. आणि जाऊबाई स्वतः त्या पुड्या घेत असतील, तर हे सगळं त्यांनाही लागू आहे. पुड्यांबद्दल तक्रार करायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या कार्यालयात करता येते. पण ते नंतर.

आता तुमचा मुख्य प्रश्न. थायरॉइड की वात?

या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: गुन्हेगार एकच असणार. तुम्ही, तुमचे यजमान, शहरातले डॉक्टर, प्रत्येकानं आपापला एकेक पकडलाय. सेहेचाळिसाव्या वर्षी शरीर असं वागत नाही. तुमच्या पत्रातल्या तक्रारी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यातल्या काही थायरॉइडच्या कमतरतेनं होणाऱ्या आहेत, काही वेगळ्या असू शकतात, काही औषधांच्या असू शकतात. त्या सुट्या करायच्या, आणि ते काम रक्ताच्या एका रिपोर्टनं होत नाही. क्रमानं होतं.

थायरॉइडपासून बघू. हे हार्मोन कमी पडलं की स्नायूंची शक्ती वापरण्याची गती मंदावते. पेटके येतात, मांड्या आणि खांदे जड होतात, व्यायाम केला की दोन दिवस अंग धरतं. स्नायूंमधून झिरपणारं एक द्रव्य, सीपीके, रक्तात वाढलेलं सापडतं. त्याच्याबरोबर लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटीही वाढतं, आणि मग 'लिव्हरला सूज' म्हणून भलतीकडेच उपचार सुरू होतात, हे मी पाहिलेलं आहे. त्वचेखाली आणि कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांच्या, आवरणात पाणी धरणारे पदार्थ साठतात. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस त्यामुळे दबते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होतं. तुम्ही 'हाताला मुंग्या' एवढंच लिहिलंय. आज रात्री जाग आली की नीट बघा, करंगळी त्यात आहे का. करंगळी सुटत असेल तर मनगटातली ही नस असण्याची शक्यता बरीच. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून बघा, मेडिकलमध्ये मिळतो. टीएसएच ताळ्यावर आला की अनेकांच्या मुंग्या त्याबरोबर कमी होतात, ऑपरेशनची घाई करू नका.

थायरॉइड कमी असलं की कोलेस्टेरॉल वाढतं. तुमचं वाढलं. त्यावर कोलेस्टेरॉलची गोळी आली, आणि या गटातल्या गोळ्या थायरॉइड कमी असलेल्या माणसाच्या स्नायूंना जास्त त्रास देतात. तुमचं मांड्यांचं दुखणं ही गोळी सुरू झाल्यावर वाढलं का? पत्रात तारखा नाहीत. कॅलेंडर काढून आठवून बघा. गोळी मनानं सोडू नका, पण डॉक्टरांना विचारा: आधी सीपीके बघूया का, टीएसएच नीट झाल्यावर कोलेस्टेरॉल पुन्हा मोजूया का? गोळी लागणारच नाही, असं अनेकदा निघतं. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

आता टीएसएच ९.८ का आला? मात्रा कमी पडली म्हणून, असं सगळ्यांनी धरलं आणि ७५ चे १०० झाले. पण तुम्हीच लिहिलंय की गोळी सकाळच्या चहाबरोबर घेता आणि त्याच वेळी कॅल्शियमचीही. मग गोळी आतड्यातून रक्तात पोचतच नसेल. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास, जमलं तर तासभर आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी, म्हणजे शाळेतल्या डब्याबरोबर. ॲसिडिटीची रोजची गोळी असेल तर ती डॉक्टरांना सांगा, तिच्यानंही शोषण कमी होतं. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते थांबवा, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट फसवा येतो. सकाळ जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतलेली चालते. कुठलाही बदल केला की सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच करायचा, त्याआधी केलेला रिपोर्ट पैसे वाया घालवतो. आणखी एक, पुडीत स्टेरॉइड असेल तर ते टीएसएच खाली दाबतं. त्यामुळे पुडी चालू असताना रिपोर्ट सुधारलेला दिसला तर हुरळून जाऊ नका. गोळी नीट घ्यायला लागल्यावर १०० जास्त होण्याचीही शक्यता आहे. छाती धडधडली, हात थरथरले, झोप उडाली तर सांगा. जास्त झालेलं थायरॉइडसुद्धा स्नायू अशक्त करतं आणि पाळी जाण्याच्या वयात हाडं पोखरतं.

हे सगळं दुरुस्त केल्यावरही स्नायूंना वेळ लागतो. टीएसएच सुधारला आणि पंधरा दिवसांत जिना सोपा झाला, असं होत नाही. काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत धरा.

पण तुमच्या बोटांबद्दल मी थायरॉइडवर सगळं ढकलून मोकळी होणार नाही. आपल्याकडे मोठेपणी थायरॉइड कमी होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं थायरॉइड ग्रंथीवर केलेला हल्ला. हाकारु हाशिमोतो या जपानी शल्यविशारदानं १९१२ मध्ये चार बायकांच्या ग्रंथींचा अभ्यास करून तो पहिल्यांदा वर्णन केला, म्हणून त्याला त्याचं नाव. आमवातात हाच हल्ला सांध्यांच्या अस्तरावर होतो, शोग्रेन आजारात अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर, कोडात त्वचेच्या रंगपेशींवर, लहानपणच्या मधुमेहात स्वादुपिंडावर. हे आजार एकाच वाड्यात राहणाऱ्या भाऊबंदांसारखे आहेत: एकाच्या घरी गेलं तर दुसरा ओसरीवर भेटण्याची शक्यता जास्त, पण भेटेलच असं नाही. हाशिमोतो असलेल्या बाईला आमवात होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, तुमच्या आईमुळे आणखी थोडी जास्त. तरीही होण्यापेक्षा न होण्याची शक्यता कितीतरी मोठी.

हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. फ्लेमिंगो बघायला लोक जातात त्या भिगवणमध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. कुठे ना कुठे दुखतंय असं सांगणारी माणसं भरपूर निघाली. आमवात मात्र साधारण दोनशे माणसांमागे एकाला. गावाकडच्या दुखण्यांत झिजलेले गुडघे, कामानं शिणलेले स्नायू आणि कंडरा यांचाच भरणा मोठा असतो.

मग तुमचा एएनए? १:८० म्हणजे अगदी सौम्य. ठणठणीत माणसांचं रक्त घेतलं तरी दर आठ-दहा जणांत एकाचा इतपत पॉझिटिव्ह येतो, आणि हाशिमोतो असणाऱ्यांत तर त्याहून जास्त वेळा. एवढ्या कागदावर तुम्हाला कुणी आयुष्यभराचा रुग्ण ठरवू नये. तपासणी करायची ती लक्षणं बघून, नुसत्या पॉझिटिव्ह शब्दाला घाबरून नव्हे. ऊन लागलं की गालांवर चट्टे उठतात का, तोंडात सारखे फोड येतात का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का, कोरडी पोळी पाण्याशिवाय गिळता येत नाही असं आहे का? यांतलं काही असेल तर तो एएनए पुन्हा नीट बघायला हवा, लघवीच्या साध्या तपासणीसकट.

आमवात कसा ओळखायचा, याचं निम्मं काम तुम्ही घरीच करू शकता. सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. दहा-पंधरा मिनिटांत सुटत असेल तर काळजी कमी, तासभर किंवा जास्त टिकत असेल तर दखल घ्यायची. दुखतं ते कुठे? बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांवर दोन्ही हातांना मऊ सूज, मुठीतल्या हाडांमधल्या खळ्या बुजलेल्या, कुणी हात जोरात दाबून हस्तांदोलन केलं तर कळ, हे आमवाताकडे बोट दाखवतं. नखांजवळच्या पेरांना टणक गाठी असतील तर ती बहुधा वयाची झीज. सूज दिसेल त्या सकाळी मोबाइलवर दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवा. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि सूज उतरलेली असते. आमवाताच्या रक्ततपासण्यांत आरए फॅक्टरपेक्षा अँटी-सीसीपी जास्त भरवशाची, सोबत शरीरातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी. फक्त पुडी चालू असताना सूज आणि सीआरपी दोन्ही दबलेले असतात, तेव्हा 'सगळं नॉर्मल' या शब्दांवरही इतक्यात विसंबू नका. पुडी सुटल्यावरचा हात हा खरा हात.

आणि समजा निघालाच आमवात, तर आईची बोटं डोळ्यांपुढे आणू नका. आईच्या पिढीत उपचार बऱ्याचदा बोटं वाकल्यावर सुरू व्हायचे. आता पहिल्या काही महिन्यांत मेथोट्रेक्झेटसारखं औषध सुरू केलं तर बहुतेकांचे सांधे वाचतात. ते औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावलेली आहेत.

यजमानांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे बहुतेकींची पाळी पन्नाशीच्या आतच, सत्तेचाळिशीच्या आगेमागे जाते, आणि इस्ट्रोजेन उतरताना सांधे-स्नायू दुखतात हे खरंच आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर इस्ट्रोजेन थांबवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना विचारा, सांधे किती आखडतात ते. पण 'पाळीचं आहे' हे निदान बाकीचं तपासून झाल्यावर करायचं असतं. यजमानांनी ते सोफ्यावर बसून केलं. पुढच्या वेळी त्यांना सोबत दवाखान्यात न्या, ते काय म्हणतात ते डॉक्टरांसमोर म्हणू द्या.

दोन गोष्टी भरभर सांगते. एकदा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करा. मधुमेहातही खांदा आखडतो, बोट चाप ओढल्यासारखं अडकतं, दोन्ही तळवे नमस्कारात नीट जुळत नाहीत, आणि स्टेरॉइडनं साखर वाढते ती वेगळीच. दुसरं, ड जीवनसत्त्व खूपच कमी असेल तर हाडं मऊ पडून नितंब-मांड्यांत दुखतं, उकिडवं बसून उठता येत नाही, त्यामुळे ते आणि कॅल्शियम एकदा बघावं. पण साठ हजाराचं सॅशे वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेत राहू नका, त्याचंही जास्त होतं आणि कॅल्शियम चढतं.

राहिला तुमचा निर्णय, थायरॉइडची गोळी सोडण्याचा. सहा वर्षांनी टीएसएच गोळी घेऊनही वर राहतोय, म्हणजे ग्रंथी स्वतःहून फारसं काही करत नाहीये. गोळी सोडली तर दोन-तीन महिन्यांत याच सगळ्या तक्रारी दुप्पट होतील. आयुष्यभर घ्यावी लागेल याचं वाईट वाटतं, ते मला समजतं. पण तुमच्या घरातल्या औषधांत हीच एक अशी आहे जिची मात्रा, गरज आणि परिणाम तिन्ही मोजता येतात. सोडण्याची यादीच करायची तर ती शेवटी यायला हवी.

कुणाकडे जायचं? आधी फिजिशियन. सांध्यांना खरी सूज असेल, किंवा थायरॉइड सहा महिने नीट राहूनही बोटं तशीच असतील, तर संधिवाततज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. ते मोठ्या शहरांतच असतात, तेव्हा चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट घेऊन एका फेरीत काम होईल असं बघा. खर्च झेपत नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मेडिसिन ओपीडी. तुमच्या अवस्थेत चार ठिकाणी चार डॉक्टर गाठण्यापेक्षा एकानं सगळी सूत्रं हातात घेतलेली बरी. एका पानावर लिहून न्या: कुठली गोळी कुठल्या महिन्यापासून, कशाबरोबर घेता, पुडी कधी सुरू झाली, दुखणं कुठे आणि सकाळी किती वेळ. शिक्षिका आहात, तक्ता आखायला तुम्हाला शिकवायला नको.

आता लेकीचं. आजी, आई आणि तिच्यात काही जनुकं सारखी असतील, आजार सारखा असेलच असं नाही. तिला आत्ता काही होत नसेल तर आमवाताच्या किंवा एएनएच्या तपासण्या करू नका. एखादा सौम्य पॉझिटिव्ह येईल आणि घरात दुसरी चिंता उभी राहील. पाळी अनियमित झाली, गळ्याशी सूज दिसली, विनाकारण वजन किंवा थकवा वाढला तर टीएसएच करा, आणि पुढे कधी तिनं मूल व्हायचं ठरवलं तर त्याआधी एकदा नक्की करा. तोवर तिला सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे: जाऊबाईंची पुडी तिच्या पाळीच्या पोटदुखीवरही चालत नाही.